भोगीचा दिवस आणि आपला वधूपक्ष

संक्रांतीचे माहात्म्य सांगणारे लेख दरवर्षी पुष्कळ प्रसिद्ध होतात. देवी कोणत्या वाहनावर बसून आली, कोणत्या दिशेस गेली, तिने कोणते वस्त्र नेसले आणि काय भक्षण केले, याची चर्चा पंचांग उघडून घरोघर होते. परंतु तिच्या आदल्या दिवसाकडे, म्हणजे भोगीकडे, लेखकांचे लक्ष क्वचितच जाते. पंचांगात तिला एका शब्दाची जागा मिळते आणि लोकांच्या बोलण्यातही ती भाजी-भाकरीपुरतीच येते. ज्ञातीच्या या वार्षिक स्मरणिकेसाठी आम्ही हाच विषय निवडला, याचे कारण ज्ञातिबांधवांना सांगावयास नको. भोगीच्या दिवशी महाराष्ट्रातील इतर गावांत कुंभाराला श्वास घेण्याची सवड नसते; सोलापुरात तर त्या दिवशी तो शिवाय गावाचा व्याही असतो.

प्रथम शब्दाचा विचार करू. भोगी हा शब्द भोग या संस्कृत शब्दावरून आलेला आहे. भोग म्हणजे उपभोग आणि भोग म्हणजे देवाला दाखविलेला नैवेद्यही. दक्षिणेकडे हा दिवस इंद्राशी जोडतात. पाऊस देणारा तोच, तेव्हा पिकाचा पहिला घास त्याच्या नावाने काढावा, ही त्यामागील भावना. आमच्या अल्पमतीप्रमाणे दोन्ही अर्थ एकाच ठिकाणी पोहोचतात. संक्रांत हा देण्याचा दिवस आहे. तीळगूळ द्यावा, वाण द्यावे, दान द्यावे, आणि स्वतःकडे काही राहो वा न राहो, दुसऱ्याची ओटी भरावी. त्या देण्याच्या आदल्या दिवशी माणसाने स्वतः पोटभर जेवावे, अंगाला तेल लावून न्हावे, घरच्या लेकीसुनांनी डोक्यावरून पाणी घ्यावे, सवाशिणीला जेवू घालावे, अशी ही योजना दिसते. ‘जो न खाई भोगी तो सदा रोगी’ ही म्हण आपण लहानपणापासून ऐकतो. उपवासाच्या म्हणी आपल्याकडे पुष्कळ आहेत. न जेवल्याबद्दल दोष देणारी म्हण मात्र हीच एक आम्हास ठाऊक आहे.

सणाच्या आदल्या रात्रीला असे महत्त्व देणारे आपणच एकटे नाही. पंजाबात याच रात्री लोहडीचा जाळ पेटतो. आसामात माघ बिहूच्या आदल्या रात्रीस उरुका म्हणतात. त्या रात्री गावजेवण होते, आणि त्या बिहूचे नावच मुळी भोगाली बिहू असे आहे. तेलुगू मुलखात भोगीच्या पहाटे दारासमोर जाळ करून जुनेपाने त्यात टाकतात आणि सायंकाळी लहान मुलांच्या डोक्यावरून बोरे ओततात. आपल्या बोरन्हाणाचे ते सख्खे भावंड म्हणावे लागेल. सोलापूरच्या पूर्वभागातील विणकर घराण्यांचे मूळ त्याच मुलखात आहे. तमिळ देशातही पोंगलच्या आदल्या दिवसाचे नाव भोगीच. इतक्या दूरदूरच्या लोकांनी एकच दिवस एकाच भावनेने पाळावा, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आता आपल्या ताटाकडे वळू. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, तीवर लोणी, मुगाच्या डाळीची खिचडी आणि भोगीची मिसळ भाजी. हिला कोणी खेंगट म्हणतात, कोणी लेकुरवाळी भाजी. ओल्या हरभऱ्याचे सोलाणे, पावटा, घेवडा, वांगी, गाजर, भुईमुगाचे दाणे, चाकवताची चार पाने आणि वर तिळाचे कूट. आपल्या गावातील कानडी घरांत हीच भाकरी सज्जे रोट्टी होते आणि शेजारी भरल्या वांग्यांची भाजी व शेंगाचटणी येते. वस्तुतः एकच ताट, दोन भाषांत वाढलेले.

या ताटातील एक गोष्ट मात्र आम्हास नेहमी कोड्यात टाकीत असे. सोलापूर जिल्हा हा शाळूचा, म्हणजे रब्बी ज्वारीचा, जिल्हा. ज्या मालदांडी ३५-१ या वाणाची भाकरी सारा महाराष्ट्र चवीने खातो, तो वाण आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्रात निवडला गेला. मग ज्वारीच्या या माहेरी सणाच्या दिवशी भाकरी बाजरीची का? बाजरी उष्ण, थंडीत ती बाधत नाही, हे वैद्यकाचे उत्तर खोटे नाही. परंतु शेताकडे पाहिले म्हणजे दुसरेही उत्तर मिळते. आश्विनाच्या सुमारास पेरलेला शाळू पौषात हुरड्यावर असतो. कणसात दूध भरलेले असते. खळे अजून लांब असते. बाजरी ही खरिपाची. ती केव्हाच घरात येऊन कणगीत पडलेली असते. तेव्हा भोगीचे ताट म्हणजे हाती आलेल्या धान्याची भाकरी आणि शेतात अजून हिरव्या असलेल्या पिकाची भाजी, असा जमाखर्च आहे. आपल्याकडे संक्रांतीला सुगीचा सण म्हणण्याचा प्रघात आहे. आमच्या मते सोलापुरापुरता तो शब्द थोडा घाईचा आहे. अवर्षणाच्या या मुलखात कणीस भरले म्हणजे धान्य घरी आलेच, असे कोणताही शेतकरी म्हणणार नाही. तो भोगीला जेवतो ते आशेवर आणि कणगीवर, दोहोंवर मिळून.

जुन्या बलुतेदारीत आपला कुंभार याच दोहोंवर जगत असे. वर्षभर त्याने गावाला रांजण, घागरी, मोघे, परळ, वेळण्या पुरवाव्या आणि खळ्यावर शेतकऱ्याने त्याला धान्याचे बलुते घालावे, असा करार. परंतु संक्रांतीचे सुगड हे त्या करारातील केवळ मडके नव्हे. सुगड हा शब्द सुघट या शब्दापासून आलेला आहे. सु म्हणजे चांगला, आणि घट म्हणजे घट. वीतभरही उंची नसलेले हे मडके, त्यात गव्हाच्या ओंब्या, हरभऱ्याचे घाटे, बोरे, गाजराचे तुकडे, उसाची पेरे, शेंगा आणि तीळगूळ भरून, गळ्याला दोरा गुंडाळून, हळदकुंकवाची बोटे ओढून पुजले जाते. शेतातील जे जे त्या वेळी हिरवे असते, ते मातीच्या पोटात भरून एका सवाशिणीने दुसरीला द्यावयाचे. काही ठिकाणी तर एकच मडके न घेता बायका कुंभाराचा सबंध आवा पुजतात आणि त्यातील मडकी लुटतात. आवा लुटणे असे त्या वाणाचे नावच आहे. ज्याच्या घरी लूट होते आणि तरी ज्याचा दिवस चांगला जातो, असा त्रैलोक्यात एक कुंभारच असावा.

ही सुगडे भोगीच्या दिवशी विकली जातात, म्हणून त्यांची तयारी मार्गशीर्षापासून चालते. थंडीच्या दिवसांत ओले मडके लवकर वाळत नाही, आणि अर्धवट वाळलेले आव्यात घातले तर तडकते. म्हणून मोठी मडकी बाजूस ठेवून चाक केवळ सुगडांसाठी फिरत राहते. एका मोठ्या गोळ्यावरून एकामागून एक सुगडे उतरवीत जाण्याचे कौशल्य ज्यांनी पाहिले आहे, त्यांना त्याचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. ज्यांनी पाहिले नाही, त्यांनी ते अजून शिल्लक आहे तोवर पाहून घ्यावे. काळी सुगडे हवी असतील तर आवा झाकून धूर आत कोंडावा लागतो. तांबडी हवी असतील तर वारा मोकळा ठेवावा लागतो. आमच्या वडिलांच्या वेळी ही रात्र घरातील सर्वांनी जागून काढावी, अशी रीत होती.

येथे एक घरगुती गोष्ट लिहितो, ती वाचकांनी पदरात घ्यावी. आमच्या घरी भोगीचे जेवण दुपारी कधीच झाले नाही. आई व आजी पहाटेच सुगडांची पाटी घेऊन मंगळवार पेठेच्या बाजूस बसत आणि दिवेलागणीनंतर परत येत. तोवर आम्ही मुले शेजारच्या घरी भोगीचे जेवून आलेली असू. मग रात्री चूल पेटे, मडक्यात भाजी शिजे, आणि गावाची भोगी संपल्यावर आमची सुरू होई. पुजण्यासाठी सुगडे उरत ती विक्रीतून राहिलेली, कुणाचा काठ वाकडा, कुणाची बूड तिरकी. लहानपणी आम्हास याची लाज वाटे. एकदा एका दुकानदाराने सुगडांच्या दोनशे जोड्या उधारीवर नेऊन त्यांचे पैसे शिमग्यापर्यंत दिले नाहीत, त्या वर्षी तर ती वाकडी सुगडेही आजीने विकून टाकली आणि देवापुढे एक दिव्याची पणती मांडून तिचीच पूजा केली. माती तीच आहे, असे ती म्हणाली होती.

आता सोलापूरच्या विशेषाकडे येऊ. हे गाव बाराव्या शतकात सोन्नलिगे या नावाने ओळखले जात असे. शिवयोगी सिद्धरामेश्वर येथेच जन्मास आले. पित्याचे नाव मुद्दुगौडा, मातेचे सुग्गलादेवी. कानडीत सुग्गी म्हणजे सुगी. भोगीविषयी लिहिताना हे नाव आठवल्यावाचून राहत नाही. त्यांच्या बालपणाची कथाही शेतातलीच आहे. गुरे राखणाऱ्या या मुलापुढे श्रीशैलाचा मल्लय्या जंगमाच्या रूपाने उभा राहिला आणि त्याने कोवळी कणसे मागितली. कणसे खाऊन झाल्यावर त्याने दहीभात मागितला. मूल तो आणावयास घरी गेले आणि परत येऊन पाहते तो पाहुणा नाहीसा झालेला. मग मल्लय्या, मल्लय्या असा आक्रोश करीत ते यात्रेकरूंसमवेत श्रीशैलापर्यंत गेले. देवाने भेटीची पहिली खूण म्हणून हुरडा मागावा, ही कथा याच मुलखात सुचू शकते. पुढे सिद्धरामांनी गावाभोवती अडुसष्ट लिंगांची स्थापना केली, तलाव खोदविला, अल्लमप्रभूंच्या समवेत ते कल्याणास गेले, आणि कपिलसिद्ध मल्लिकार्जुन या मुद्रेने त्यांनी कानडी वचने रचली. तेराव्या शतकाच्या सुमारास राघवांक या कवीने त्यांचे चरित्र काव्यरूपाने लिहिले. त्यांची समाधी तलावाच्या पाण्याने वेढलेल्या मंदिरात आहे. हे सर्व ज्ञात असल्यामुळे येथे विस्तार करीत नाही.

आपल्याशी ज्या कथेचा संबंध आहे ती लोकपरंपरेची आहे. सिद्धरामांच्या योगमठापुढील अंगण एक कुंभारकन्या रोज सारवून तेथे रांगोळी काढीत असे. तिने त्यांच्याशी विवाह करण्याचा हट्ट धरला. आपण योगी, विवाह करू शकत नाही, असे त्यांनी सांगितले. पण तिचा निश्चय ढळेना, तेव्हा माझ्या योगदंडाशी विवाह कर, अशी त्यांनी तिला अनुमती दिली. सोलापूरची गड्ड्याची यात्रा म्हणजे या विवाहाची वर्षानुवर्षे चाललेली पुनरावृत्ती आहे. विवाहाच्या आदल्या दिवशी अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेक होतो. त्याला यण्णीमज्जन म्हणतात, कानडीत एण्णे म्हणजे तेल आणि मज्जन म्हणजे स्नान. दुसऱ्या दिवशी, परंपरेने भोगीला, मंदिरालगतच्या संमती कट्ट्यावर अक्षता पडतात. तिसऱ्या दिवशी होम. त्यानंतर शोभेचे दारूकाम, आणि शेवटी कप्पडकळीने, म्हणजे नंदीध्वजांची वस्त्रे उतरवून, समाप्ती.

सकाळी कसब्यातील हिरेहब्बू वाड्यातून सात नंदीध्वज निघतात. बांबूच्या या उंच काठ्या योगदंडाचे प्रतीक आहेत. त्या कमरेला पट्टा बांधून, तोल सांभाळीत नेणाऱ्यांच्या अंगात पांढरी बाराबंदी असते. लग्नाच्या दिवशी ध्वजाला बाशिंग बांधतात. सात ध्वजांचे मान एका जातीकडे नाहीत. हिरेहब्बू आणि देशमुख यांच्या मागून लिंगायत माळी, विश्वब्राह्मण सोनार आणि मातंग या समाजांचे ध्वज चालतात. देवाच्या वरातीत मातंग समाजाच्या खांद्यावर दोन ध्वज असावेत, ही गोष्ट आजच्या समतेच्या भाषणांपूर्वी पुष्कळ आधीपासून या गावाने पाळली आहे. ती पाळणारे गाव उरलेले वर्षभर तसेच वागले, असे मात्र म्हणवत नाही.

आपल्या मंडळाच्या बैठकीत तरुण मंडळी दरवर्षी विचारतात की, या सातांत कुंभारांचा ध्वज का नाही? त्यांचा रोष आम्ही समजू शकतो. परंतु प्रश्नाचे उत्तर त्या सोहळ्यातच आहे. ध्वज म्हणजे वर. ध्वजाबरोबर चालणारे ते वराकडील वऱ्हाड. मुलीकडच्यांनी वरात काढावयाची नसते, मांडवात उभे राहावयाचे असते. आणि त्या मांडवात आपल्याला काय मान आहे, हे पाहावे. संमती कट्ट्यावर अक्षतांच्या पूर्वी मानकऱ्यांच्या हस्ते सुगडीपूजन होते. ज्या लहानशा मडक्याला घरोघरी दुसऱ्या दिवशी हळदकुंकू लागावयाचे असते, त्याची पूजा लग्नाच्या कट्ट्यावर आदल्या दिवशीच होते, आणि कुंभाराला मानाचा विडा मिळतो. त्यानंतर संमतीचे वाचन होते. तो मान शेटे घराण्याकडे आहे. कानडीतील ती वचने एकेक संपतात आणि हजारो हात एकदम वर उठून अक्षता पडतात. ज्यांना कानडीचा एक शब्द कळत नाही, त्यांचेही हात बरोबर त्याच क्षणी उठतात.

संमती या शब्दाकडे आम्ही ज्ञातिबांधवांचे लक्ष वेधू इच्छितो. जुन्या काळच्या लग्नांत मुलीची संमती कोणी विचारीत नसे. येथे मात्र सगळ्या सोहळ्याचे नावच संमती आहे, आणि लग्न मुलीनेच मागितलेले आहे. नकार दिला तो वराने. बाराव्या शतकातील मानलेली ही कथा आहे, आणि तीत मातीचे काम करणाऱ्या घरातील एक मुलगी एका सिद्धपुरुषाच्या अंगणात उभी राहून माझे म्हणणे हे, असे सांगते. कथेची ऐतिहासिक सत्यता सिद्ध करता येणार नाही. परंतु शतकानुशतके एका गावाने ही मागणी अयोग्य ठरविली नाही, उलट तिच्या डोक्यावर अक्षता टाकल्या, ही गोष्ट इतिहासात जमा धरावयास आमची हरकत नाही.

ही कन्या कोणत्या कुंभारांची, असाही एक वाद आपल्यात आहे. लिंगायत कुंभार तिला आपली म्हणतात, मराठी बोलणारे आपली म्हणतात, आणि प्रसंगी शब्दाने शब्द वाढतो. या वादात आम्ही पडत नाही. फक्त नकाशा पाहावा एवढेच सुचवितो. सोलापूरच्या एका अंगास तेर आहे. तेथील गोरोबाकाकांनी संतांची डोकी थापटीने थापटून कोणते मडके कच्चे ते सांगितले. दुसऱ्या अंगास बिदरजवळ भालकी आहे. तेथील कुंभार गुंडय्याच्या थापटण्याच्या तालावर शिव नाचला, अशी कथा असून हरिहर कवीने कानडीत त्याच्यावर रगळे रचले आहे. एकाची भाषा मराठी, दुसऱ्याची कानडी. थापटी दोघांच्या हाती. मुलगी या दोन गावांच्या मधल्या गावची आहे. तिच्या बापाने घरात कोणती भाषा बोलावी, हे ठरविण्याचा अधिकार आपणास कोणी दिला?

तारखेबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण त्यावरून अलीकडे घोटाळा होतो. संक्रांत चंद्राच्या तिथीवर नाही, सूर्याच्या राशीवर आहे. म्हणून ती इंग्रजी तारखेला बहुतांशी स्थिर दिसते. पण ती पूर्ण स्थिर नाही. अयनचलनामुळे ती हळूहळू पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीच्या दिवशी झाला, आणि ती तारीख १२ जानेवारी १८६३ होती. विसाव्या शतकात संक्रांत बहुधा १४ तारखेस येई, तेव्हा भोगी १३ तारखेस आणि तैलाभिषेक १२ तारखेस. आता संक्रांत काही वर्षी १४ ला तर काही वर्षी १५ ला पडते. सिद्धरामांच्या काळात उत्तरायणाचा खरा आरंभ होऊन सुमारे बारा दिवसांनी संक्रांत येत असे. आज ते अंतर तेवीस-चोवीस दिवसांचे झाले आहे. यात्रेतील अक्षता अलीकडे बहुधा १४ जानेवारीस होतात. त्यामुळे ज्या वर्षी पंचांगातील भोगी १३ ला असते, त्या वर्षी सोलापूरकरांना भोगी एक दिवस आणि लग्न दुसरा दिवस असे करावे लागते. अशा वर्षी आमच्या घरी बाजरीची भाकरी दोन्ही दिवस होते. याविरुद्ध घरातील कोणीही तक्रार केलेली नाही.

हा दिवस नेहमीच आनंदाचा गेला असेही नाही. १९३० च्या मे महिन्यात सोलापुरात लष्करी कायदा पुकारला गेला. त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आले. तारखेकडे लक्ष द्यावे. त्या वर्षी भोगी दुसऱ्या दिवशी होती. म्हणजे ज्या दिवशी गावाच्या देवांना तेल लागावयाचे, त्या दिवशी गावाचे चार पुत्र गेले. आमच्या आजोबांनी सांगितलेले एवढेच आठवते की, त्या वर्षी आमच्या आळीत सुगडे पुष्कळ उरली होती. अगदी अलीकडचे म्हणाल तर २०२१ च्या जानेवारीत महामारीमुळे यात्रा मोजक्या मानकऱ्यांपुरतीच राहिली. जो कट्टा माणसांनी ओसंडून वाहतो तेथे अंतरा-अंतरावर थोडी माणसे उभी होती. नियम मोडून गर्दी केली नाही, हे गावाने योग्यच केले. पण आपल्या मुलीच्या लग्नास जाता आले नाही, अशी रुखरुख त्या वर्षी ज्ञातीतील वडीलधाऱ्यांनी आमच्यापाशी बोलून दाखविली.

आता शेवटच्या भागाकडे वळणे प्राप्त आहे, आणि ते लिहिताना हात जड होतो. कथा अशी की, विवाहानंतर दुसऱ्या दिवशी कुंभारकन्येने होमात प्रवेश केला. म्हणून संक्रांतीच्या सायंकाळी होम मैदानावर बाजरीची पेंढी उभी करतात. तिला साडीचोळी नेसवितात, बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी घालतात, नवी नवरी सजवावी तशी सजवितात, आणि मग ती पेंढी अग्नीच्या स्वाधीन होते. त्यानंतर रात्री दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरापुढे धान्य, गूळ इत्यादी वस्तू ठेवून तो कशास तोंड लावतो त्यावरून पुढील वर्षाची भाकणूक करतात. पाऊस किती, महागाई कशाची, हे ऐकण्यास लोक दाटीवाटीने थांबतात.

काही लेखक या प्रसंगी सती हा शब्द वापरतात. तो शब्द चुकीचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तिचा पती वारला नव्हता. पती म्हणून तिला मिळाला तो दंड, आणि ज्यांचा तो दंड होता ते योगी तर पुढे कल्याणास गेले आणि वचने रचीत राहिले. योगात योगिनीने विलीन व्हावे असा या कथेचा गूढार्थ काही विद्वान सांगतात. तो असेलही. शेतकऱ्याच्या बाजूने पाहणारे म्हणतील की, कापलेल्या पिकाची पेंढी जाळून नव्या वर्षाचे भविष्य विचारण्याची ही त्याहूनही जुनी रीत आहे, आणि मुलीची कथा तीवर मागाहून नेसविली गेली. भोगीच्या सकाळी जिची भाकरी आपण खातो, तिचेच काड संक्रांतीच्या सायंकाळी शालू नेसते, हे पाहता या दुसऱ्या मताकडे आमचा कल आहे. परंतु आम्ही मुलीकडचे आहोत. विद्वानांचा गूढार्थ आणि शेतकऱ्याची रीत दोन्ही मान्य करूनही, आपल्या घरच्या लेकीची गोष्ट म्हणून ती ऐकली तर मनाला जे वाटते ते वाटतेच.

आमची आजी अक्षतांना कधी चुकली नाही. सुगडांची पाटी शेजारणीच्या हवाली करून ती दुपारी तासाभरासाठी कट्ट्याकडे जाई, गर्दीत कोठेतरी उभी राहून मूठभर अक्षता टाकी, आणि परत येऊन विक्रीला बसे. होमाला मात्र ती आयुष्यात एकदाही गेली नाही. संक्रांतीच्या सायंकाळी सगळी आळी मैदानाकडे निघाली म्हणजे ती घरी थांबे. लेकीचे लग्न पाहिले, पुढचे पाहावयास सांगू नका, एवढेच ती म्हणे. आम्ही मुले मैदानावरून परतलो, वासराने काय खाल्ले ते एकमेकांना सांगत अंगणात शिरलो, की ती चाकाजवळ बसलेली असे. उद्यापासून घागरी धरावयाच्या म्हणून तिने तेवढ्यात माती भिजवून ठेवलेली असे.